कोपऱ्यातला टॉवेल

“छाया, माझं पोरगं गांगरलेलं दिसलं की कुणाला इचारू नको, टॉवेल फेक,” सासूबाईंनी मरण्यापूर्वी देवीपुढं तिच्याकडून शब्द घेतला होता. देवळालीच्या मैदानावर मुष्टियुद्धातले दोन माजी हेवीवेट विजेते, भारत आणि सावळीराम, अखेर समोरासमोर आले. हार मानून लढत थांबवायची तर रिंगमध्ये फेकायचा तो टॉवेल भारतनं मुद्दाम बायकोकडं, छायाकडं दिला होता. “कोच घाबरून हार मानतील. तू उपास मोडत नाहीस, माझा शब्दही मोडायची नाहीस. टॉवेल फेकलास, तर आपलं बोलणं बंद.” छायानं टॉवेलची घडी घालून खांद्यावर टाकली. तिसऱ्या फेरीत सावळीरामचा ठोसा कानशिलावर बसला. घंटा वाजली. भारत शांतपणे सावळीरामच्याच स्टुलावर जाऊन बसला. लोक खोडी समजून हसले. सावळीराम हसला नाही. “भाऊ, तुझा कोपरा तिकडं हाय.” भारतनं प्रेक्षकांत पाहिलं. “आई कुठं बसलीय?” छायानं देवीचं नाव घेतलं, टॉवेलची घडी उलगडली आणि रिंगच्या पायऱ्या चढू लागली.