फिरकीवरचं बोट

पडद्यावरचं शून्य काही केल्या हलेना. दवाखान्यातल्या पलंगाशी बसून धाकटीने वडिलांचं, अप्पांचं, बोट उचलून पुन्हा फिरकीच्या कडेला नीट टेकवलं. अप्पांचे डोळे एकोणीस दिवसांपासून मिटलेले होते.

ती फिरकी म्हणजे व्हिडिओ गेमच्या यंत्रातून काढून आणलेली, पडद्याला जोडलेली फिरवायची गोल मूठ. तिच्या पोटात बारीक चिरांची चकती असते. चकतीच्या एका अंगाला दिवा, दुसऱ्या अंगाला उजेड ओळखणारे दोन डोळे, केसभर मागेपुढे बसवलेले. चीर सरकली की आकडा सरकतो. आधी कुठल्या डोळ्याला उजेड लागला, त्यावरून दिशा कळते. उजवीकडे आकडा चढतो, डावीकडे उतरतो. माणसाला दिसणार नाही एवढी हालचालही ती टिपते. हे सगळं धाकटीला अप्पांनीच शिकवलेलं. अशी यंत्रं दुरुस्त करण्यात दोघांनी मिळून वीस वर्षं घालवली होती.

बारा वाजता डॉक्टर निर्णय विचारायला येणार होते. काल याच उशाशी उभं राहून तिचा मोठा भाऊ, दादा, म्हणाला होता, "हे अप्पा नाहीत गं. नळ्या काढून टाकू. ते सुटतील, आपणही सुटू." ती गप्प राहिली होती. त्या गप्प बसण्याचीच तिला रात्रभर टोचणी लागली होती.

आकडा थरथरला. शून्य, एक, शून्य, एक.

"हवेच्या गादीच्या पंपाची थरथर आहे ती," दाराशी उभा असलेला दादा म्हणाला. "उगाच जीव टांगू नकोस."

तिने पंप बंद केला. शून्य स्थिर झालं. ती अप्पांच्या कानाशी वाकली. "अप्पा, ऐकू येतंय? डावीकडे फिरवा."

बोट जिथल्या तिथेच दिसत होतं. पडद्यावर मात्र उणे एक आलं. उणे दोन. उणे पाच.

"हाताच्या वजनाने घसरतंय," दादा म्हणाला; पण त्याचा आवाज बसला होता.

"मग आता उजवीकडे, अप्पा."

कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग आकडा वळला. उणे चार, उणे तीन, शून्य, सात.

तिला हुंदका फुटला. "हो म्हणायचं असेल तर उजवीकडे फिरवा, नाही म्हणायचं असेल तर डावीकडे. कळलं?"

आकडा चढला.

दादा भिंतीला टेकला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. अप्पा ऐकत होते! आज ऐकत होते, म्हणजे कालही... तो कसाबसा पलंगापाशी आला आणि गुडघ्यांवर बसला. अप्पांच्या चेहऱ्याकडे बघायची त्याची छाती होईना. तो पडद्याकडे बघूनच बोलला.

"अप्पा, काल मी इथे उभं राहून जे बोललो, ते तुम्ही ऐ..."

त्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच आकडा डावीकडे धावत सुटला.