शंभराला एकशे सात

“हा एक आकडा सोडला तर अहवाल उत्तम आहे,” व्यवस्थापक म्हणाले आणि त्यांनी कागद इंजिनिअर मुलीकडे परत सरकवला.

जमिनीखालच्या वाळूत डांबरासारखं घट्ट तेल मुरलेलं होतं. ते सैल करायला खाली वाफ सोडायची, वाफेसाठी बॉयलर पेटवायचे, बॉयलरमध्ये गॅस जाळायचा. सहज निघणारं तेल संपत आलं तशी वाफ जास्त लागू लागली. तिने तीन महिने एकेक मीटर स्वतः वाचलं होतं. शंभर भाग ऊर्जेचं तेल वर आणायला एकशे सात भाग ऊर्जा जळत होती.

व्यवस्थापक चिडले नाहीत. बॉयलरचं गॅस मीटर जुनं आहे, काहीतरीच दाखवत असेल, तेवढं वगळून पुन्हा मांडा, असं त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. दुपारी मुख्य कचेरीतली माणसं यायची होती. आकडा तसाच गेला तर तेलविहिरी बंद आणि चारशे माणसं घरी. त्या चारशेंत तिचा सख्खा मामा होता, बॉयलरचा फोरमन. तिला त्यानेच शिकवलं होतं.

“मीटर बरोबर आहे,” ती म्हणाली.

“मग फोरमनलाच विचारू.”

मामा आला आणि तिच्याकडे न बघता उभा राहिला. व्यवस्थापकांनी प्रश्नच असा विचारला की उत्तर त्यातच होतं: मीटर बिघडलंय ना? हो म्हणायचं, खाली सही करायची, बस्स. मामाच्या निवृत्तीला अजून चार वर्षं होती, धाकटीचं शिक्षण व्हायचं होतं. तिला त्याच्याकडे बघवेना.

मामाने अहवाल उचलला. खिसे चाचपून चष्मा काढला आणि ओळीखाली बोट धरत सगळं पान वाचलं. घाई केली नाही. व्यवस्थापकांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

“मीटर मी दर सोमवारी तपासतो, साहेब. ते बरोबर आहे,” तो म्हणाला. “खाली सहज निघेल असं तेलच उरलं नाही. आपलीच वाफ आपण वर ओढतोय.”

आपण काय बोलतोय हे कळतंय का, असं व्यवस्थापकांनी विचारलं. मामाने होकारार्थी मान हलवली, चष्मा खिशात ठेवला आणि बाहेर पडला.

ती मागोमाग धावली. जिन्यात तिने त्याला गाठलं.

“खरं सांगू?” मामा म्हणाला. “वर येताना वाटत होतं, तूच हो म्हणून मोकळी झाली असशील तर बरं.”

खाली बॉयलरपाशी पाळीची माणसं हातातलं काम टाकून जिन्याकडे बघत होती. मामा दोन पायऱ्या उतरून थांबला. कठड्यावरचा त्याचा हात निघेना.

ती त्याला ओलांडून पुढे झाली आणि सरळ त्यांच्याकडे चालू लागली.