‘दारी’पाशी

“न्हाय!”

सोनाबाईचा तळवा चटईवर आपटला. शिवदासने बेंजो थांबवला. पुन्हा तीच जागा. ‘दारी’ या शब्दावर सूर वळतो, तिथंच.

मांडवात बायका ताटकळल्या होत्या. पाटावर आरोही, शिवदासची लेक, पिवळी साडी नेसून घाम टिपत बसली होती. तिच्यासमोरच्या ताटात कालवलेल्या हळदीवर कोरडा पापुद्रा धरू लागला होता. पण धवला, हळदीचं पारंपरिक गाणं, म्हटल्याशिवाय हळदीला हात लावायचा नाही. आणि गावातल्या लेकीसुनांच्या हळदी ज्या गळ्यानं लावल्या, तो सोनाबाईचा गळा अर्धांगाच्या झटक्यानं नेला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं. शब्द ओठांतच विरघळायचे. ‘न्हाय’ तेवढं लख्ख यायचं.

“तुझ्या नातीला तुझाच धवला लागंल, आये. मी वाजवीन,” असं शिवदासनंच कबूल केलं होतं.

त्यात अवघड ते काय, असं त्याला वाटलं होतं. रेवदंड्यापासून पालीपर्यंत त्याचा बेंजो वाजला की म्हातारेसुद्धा कंबर हलवायचे. सकाळी ऐकलेलं गाणं संध्याकाळी त्याच्या बोटांत असायचं. आणि हा धवला, पाळण्यात असल्यापासून कानावर पडलेला, बोटांना दाद देत नव्हता.

त्यानं परत नखी तारेवर धरली.

*हलद आली गो मांडवाच्या दारी…*

इथवर सरळ. मग ‘दारी’वर आईचा सूर खाली उतरायचा आणि उतरता उतरताच वर चढायचा. दोन्ही एकदम. लहानपणी मांडवाबाहेर बाप्यांच्या घोळक्यात बसून ऐकताना त्याला नवल वाटायचं, ही श्वास घेते तरी कुठं? आता त्यानं तिथं एक लांब मुरकी घेतली आणि तशीच पुढं ओढली.

“न्हाय!”

दोन बटणं एकदम दाबून पाहिली. बेंजो मांजरासारखा ओरडला. बायका फिसकन हसल्या.

“शिवदास, हलद सुकली तर पोरीला खरवडून लावावी लागंल हां!” मागून कुणीतरी म्हणालं.

सोनाबाईला टेकून तिची जोडीदारीण बायजा बसली होती. उभा जन्म दोघींनी जोडीनं धवले म्हटलेले. शिवदासचा हात चालू झाला की बायजा तोंड उघडायची, आणि तसंच मिटायची.

“काकी, तू तरी म्हन ना पयली वल!” शिवदास वैतागला. ओळ कुणीतरी उचलायला हवी होती.

“पयली तिची. मी कशी म्हनू?”

“मंग गप ऱ्हा. नुसती तोंड काय उघडतेस माशावानी!”

बायजानं पदर तोंडाला लावला.

“बाबा, राहू द्या ना,” आरोही हळूच म्हणाली. “यूट्यूबवर आहेत धवले. मोबाईल लावू स्पीकरला. मुलाकडची माणसं येतील आता.”

“न्हाय.”

या वेळी तळवा आपटला नाही. सोनाबाईनं तो नातीच्या गुडघ्यावर ठेवला होता.

शिवदासच्या शर्टाची पाठ ओली झाली होती. त्यानं ओळ उचलली, ‘दारी’शी आला, सूर खाली नेला, वर फेकला, हात न थांबवता पुढं धावला.

चटईवर तळवा आपटला.

त्यानं नखी भिरकावून दिली. “मंग सांग ना काय चुकतं! मघापासून नुसतं न्हाय न्हाय न्हाय! तोंड हाय ना तुला?”

आरोहीनं मान खाली घातली. सोनाबाई आपल्या हाताकडे बघत होती.

नखी बायजाच्या ओटीत पडली होती. तिनं ती उचलली, पदराला पुसली.

“तोंड तिला हाय. कान तुला न्हायत,” ती म्हणाली. “चुकलास म्हनते का ती? थांब म्हनते. मघापासून थांब म्हनते.”

“थांबू? मधेच?”

“मधे कुठं? तिची वल तिथं सरते. तिच्या तोंडातला ‘दारी’ सरायच्या आत मी तो झेलायचा. ती खाली उतरते, मी वर चढते. तू आमा दोघींचं एकटाच वाजवतोस आनी वर माजंच तोंड काढतोस. मी शिरू कुठनं, मेल्या?”

मांडवाबाहेर शिवदासला ती ओळ नेहमी एकाच गळ्यातून आल्यासारखी ऐकू यायची. आणि बेंजो शिकताना पहिला धपाटा त्यानं खाल्ला होता तो हात थांबला म्हणून. हळदीत बेंजो थांबला की नाचणारे आईबहिणीवरून शिव्या घालतात. थांबायचं कसं, ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

बायजानं नखी पुढं केली. त्यानं खाली मान घालून घेतली.

*हलद आली गो मांडवाच्या दारी…*

सूर खाली उतरू लागला. शिवदासचा हात सवयीनं पुढं निघाला. सोनाबाईचा तळवा चटईवरून उचलला गेला.

त्यानं दात आवळले आणि हात मागे घेतला.

तार एकटीच गुणगुणत राहिली, विझत विझत. ती विझायच्या आत बायजाचा चिरका, म्हातारा गळा तिच्यावर चढला आणि तिच्यामागोमाग मांडवातल्या साऱ्या बायकांचा.

*…दारीची हलद कुनी दलली गो बाय…*

सोनाबाईचा तळवा अजून वरच होता. तो सावकाश खाली आला, चटईवर नाही, ताटात. पापुद्रा फुटला आणि खालची हळद ओलीच निघाली.