हर्षितच्या नावाचा रिपोर्ट

सुज्ञ वाचकांस नम्र निवेदन. पुढे जी हकिकत येत आहे, ती बोईसरमधील एका चाळीत अवघ्या पाच दिवसांत घडली. विषय असा आहे की त्याचा उच्चार होताच लोक मान खाली घालतात. परंतु एका निरपराध माणसाच्या नावाला लागलेला डाग पुसणे हे कर्तव्य समजून ती लिहिली आहे. तीत पदरचे एक अक्षरही घातलेले नाही.

शनिवारी दुपारी पहिली पाळी सुटल्यावर हर्षित कंपनीच्या बसमधून उतरला. घरी पोहोचतो तो खोलीसमोर स्वातीताई उभ्या होत्या. त्यांना सारी चाळ ओळखत असे. कारखान्यांच्या गेटवर त्या गुप्तरोगांची माहिती सांगत आणि निरोधची पाकिटे वाटत. ज्याच्या दारात त्या थांबत, त्याच्या दाराकडे चाळीचे डोळे लागत. या रोगांच्या तपासणी केंद्रात कोण येऊन गेले हे त्यांनी पाहिलेले नसे. त्यांच्या हाती फक्त नाव-पत्त्याची चिठ्ठी येई.

"हर्षित तुम्हीच ना?" त्यांनी आवाज खाली आणून विचारले. "तुमचा फोन लागत नाही. केंद्रात रक्त दिलं होतंत, त्याचा रिपोर्ट आलाय. एकदा येऊन जा."

"मी कुठल्याच केंद्रात आलो नाय, ताई."

"बरेच जण आधी असंच म्हणतात," त्या शांतपणे म्हणाल्या. "घाबरू नका, औषध आहे. पण या."

त्या गेल्या. उंबऱ्यामागे हर्षितची बायको वैष्णवी उभी होती. तिला पाचवा महिना लागला होता.

"तुमी गेलेच नाय, तर तिच्या कागदावर तुमचं नाव कसं आलं?"

"मला काय म्हाईत?"

"चाळीत चाळीस खोल्या हायत. तिला नेमकी आपलीच सापडली."

ती आत वळली. पिशवीत कपडे भरले आणि रिक्षाने चिंचणीला वडिलांकडे निघून गेली.

हर्षितचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही. ओट्यावर बसे, लगेच उठे, नळापर्यंत जाई आणि पाणी न भरताच परत येई. भात दोनदा करपला. कोणी हसले की आपल्यालाच हसले असे त्याला वाटे.

शेजारच्या सात नंबरच्या खोलीत पुंडलिक राहत असे. वय चाळिशीपलीकडचे, कुटुंब गावी. शिक्षण सातवीपर्यंतचेच, परंतु वाचनाचा नाद मोठा. चाळीतील अर्ज आणि विनंत्या तोच लिहून देई. रविवारी हर्षितने ताडी आणली आणि पेला त्याच्यापुढे धरला.

"नको," पुंडलिक म्हणाला. "पोटाच्या गोळ्या चालू हायत. पथ्य हाय."

"दादा, मी उद्या केंद्रात जातो. माजं तोंड बघून तरी त्यांना कळंल."

पुंडलिकाने पेला बाजूला सारला.

"जाऊ नको. केंद्राच्या बाकावर माणूस एकदा दिसला, की तो कशाला बसला व्हता हे कोण इचारीत नाय. त्यापेक्षा मी तुझ्या सासऱ्यांना पत्र लिहितो. चांगलं लिहितो."

पत्र खरोखर चांगले झाले. दोन पाने भरली. हर्षितसंबंधी 'निष्कलंक' हा शब्द त्यात तीन वेळा आला.

मंगळवारी सासरे, तात्या, स्वतःच येऊन धडकले. चिकूच्या वाडीतून तसेच निघाले होते; सदऱ्यावर चिकाचे डाग होते.

"पत्र वाचलं," तात्या म्हणाले. "पुंडलिकाचं अक्षर बरं हाय. पण जावयाच्या रक्ताची खात्री मला पुंडलिकाकडून नको."

"तात्या, मी खरंच कुठं गेलो नाय."

"मंग रक्त द्यायला कसली भीती? हा रोग आईकडून पोटातल्या पोराला लागतो, नर्सबाईनं सांगितलं मला. उद्या दहाला मी केंद्रात येतो. तुमी नाय दिसलात, तर वैष्णवी आमच्याकडंच बाळंत होईल आणि आमच्याकडंच राहील."

पुंडलिक दारात उभा राहून हे ऐकत होता. तो आपल्या खोलीत गेला.

बुधवारी दहा वाजता जावई आणि सासरे त्या बाकावर बसले. दोघांमध्ये एक हात अंतर होते. हर्षितच्या नावाने रक्त दिले गेले त्या दिवशी ज्यांनी नोंद केली होती, त्या बाईंनी दोघांना आत बोलावले, हर्षितच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि वही मिटली.

"या नावाने आले होते ते तुम्ही नव्हे. ते आज दार उघडण्याआधीच येऊन बसले होते. इंजेक्शन घेऊन गेले. पुढच्या वेळी पत्नीलाही आणतो म्हणाले."

"कोण व्हता तो?" तात्यांनी विचारले.

"ते या खोलीबाहेर जात नाही, काका."

हर्षितने तरीही रक्त दिले. तात्यांनी बाहेर येताच मुलीला फोन लावला.

"पिशवी भर, पोरी. चूक आपली झाली."

संध्याकाळी वैष्णवी परत आली. हर्षित सात नंबरमध्ये धावला आणि सगळे सांगून झाल्यावर त्याने एकुलती एक खुर्ची पुंडलिकापुढे सरकवली.

"बस ना, दादा."

"उभाच बरा हाय."

"ज्यानं माजं नाव सांगितलं ना, तो एकदा भेटायला पायजे."

"भेटला तर? मारशील?"

"नाय. येवढंच इचारीन, दुनियेतली सगळी नावं सोडून माजंच का?"

पुंडलिकाने खिडकीकडे तोंड फिरवले. भिंतीपलीकडून वैष्णवीच्या भांड्यांचा आवाज येत होता.

येथे हकिकत संपते. ती शेवटपर्यंत वाचल्याबद्दल वाचकांचे मनःपूर्वक आभार. हर्षितच्या प्रश्नाचे उत्तर तेवढे द्यायचे राहिले. केंद्रातील टेबलासमोर नाव विचारले गेले, तेव्हा मला ठाऊक असलेल्या नावांत जे सर्वांत निष्कलंक होते, तेच माझ्या तोंडून निघाले.

आपला नम्र,
पुंडलिक
खोली नंबर सात