उशीच्या उंचीवर

"काका, एवढे बुटके स्टँड कशाला?" सुताराने विचारलं. "स्पीकर जमिनीला टेकतील की!"

"ऐकणाऱ्याच्या कानाशी आवाज यायला हवा," दिगंबरराव म्हणाले आणि त्यांनी शालनच्या उशीपासून माप घेऊन दाखवलं. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांची बायको पलंगालाच खिळली होती. जन्मभर गाणं केलेल्या बाईच्या तोंडून आता साधा शब्द फुटत नव्हता.

स्पीकर जुने, अवजड, लग्नानंतर दोघांनी हौसेने घेतलेले. स्टँड आल्यावर दिगंबररावांनी ते दिवाणखान्यातून एकट्यानेच ओढत आणले. भिंतीला लावले तर आवाज घुमू लागला, म्हणून स्वतःची खाट बाहेर काढून ते पुढे घेतले. दोन्हींची तोंडं उशीकडे वळवली आणि शालनच्याच एका मैफलीची कॅसेट लावली.

आलाप सुरू झाला. इतका स्वच्छ, की ती खोलीतच बसून गातेय असं वाटावं. दिगंबरराव तिच्या उशाशी वाकले.

"ऐकतेस ना गं? अगदी तुझा आवाज!"

शालनने आपला चालता हात हळूहळू उचलला. ताल धरतेय, असं वाटून ते हरखले. पण तो हात तिने कानावर घट्ट दाबला. दुसरा हात उठत नव्हता, म्हणून मान वळवून त्या बाजूचा कान तिने उशीत खुपसला. मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

दिगंबररावांनी धडपडत कॅसेट बंद केली.

"नाही लावणार. पुन्हा नाही लावणार," ते म्हणत राहिले.

कानावरचा हात तिने काढला नाही.