आधी तुमचं

तिसऱ्यांदाही तिचाच लूप मागे पडला.

पडद्यावर दोन्ही लूपना लागलेल्या वेळा उमटल्या होत्या. वरची तिची, खालची काकांची. तिची दुपटीहून जास्त. लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करवून घेणारा प्रोग्रामचा तुकडा, आणि काम दोघांचं एकच होतं. रुग्णांच्या हृदयाच्या ठोक्यांचा एक लांबलचक अ‍ॅरे, म्हणजे रांगेत मांडून ठेवलेले लाखो आकडे, पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळायचा. काका जुन्या पद्धतीने क्रमांक मोजत एकेका आकड्यापाशी जात. ती मोजत बसत नसे, पुढचा आकडा अ‍ॅरेकडूनच मागून घेई. ज्याची पद्धत वेगवान त्याच्याकडे हे काम, असं साहेबांनी सकाळीच सांगितलं होतं. दुसऱ्याची बदली, दूरच्या शाखेत. तिची मुलगी इथल्या शाळेत आता कुठे रुळत होती. काकांनी इथेच घर बांधायला काढलं होतं.

"तीनदा तेच आलं," साहेब म्हणाले. "आता काय राहिलं?"

काकांनी मान खाली घातली, जिंकलेल्या माणसाने घालावी तशी. ते तिचे कुणी काका नव्हते. अख्खं ऑफिस त्यांना काकाच म्हणे. चाचणी त्यांनीच मांडली होती. कुणाला बोट दाखवायला जागा नको म्हणून दर खेपेला मशीन बंद करून नव्याने सुरू केलं होतं. दर वेळी कोरी पाटी, असं म्हणाले होते.

तिने दोन्ही लूप पुन्हा वाचले. खोट कुठेच नव्हती, आणि तेच तिला खुपत होतं. मग आठवलं, सुरुवातीला काका म्हणाले होते, "आधी तुमचं होऊ दे." तिन्ही खेपांना आधी तिचाच लूप चालला होता. साहेब सोडून सगळ्यांना काका अरे-तुरे करत. कालपर्यंत तिलाही 'अगं' म्हणत होते.

का कोण जाणे, तिला घरची सकाळ आठवली. पहिली आंघोळ तिची. नळाला गरम पाणी येईपर्यंत ती कुडकुडत उभी राही. मागून नवरा जाई आणि बाहेर येऊन सांगे की पाणी तर छान कढत होतं, तुला उगीच कुरकुर करायची सवय.

"क्रम उलटा करा," ती म्हणाली. "आधी काकांचं."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. आधी आणि नंतरने काय होणार, ही काय बसमधली जागा आहे, असं काहीसं पुटपुटले. काकांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. ते तिने पाहून ठेवलं.

मशीन पुन्हा सुरू झालं. या खेपेला काकांना तिच्या दुप्पट वेळ लागला.

साहेब खुर्चीत पुढे सरकले. मशीन नव्याने सुरू झालं की जो आधी धावतो त्याला सगळे आकडे डिस्कवरून ओढून आणावे लागतात, तिने सांगितलं; मागून येणाऱ्याला ते मेमरीत हाताशी मिळतात. कोऱ्या पाटीचा भुर्दंड दर वेळी पहिल्यालाच. मग तिने आकडे अगोदर आणवून ठेवले आणि दोन्ही लूप चालवले. फरक उरला तो नावापुरता.

"काका, हे तुम्हाला ठाऊक होतं?" साहेबांनी विचारलं.

"लहानांना पुढे करावं, एवढं मला ठाऊक," काका म्हणाले. चष्मा अजून हातातच होता.

साहेब हसले. हसता हसता थांबले आणि तिच्याकडे वळले. "आणि तुम्हाला हे हरल्यावरच बरं सुचलं?"

तिला आंघोळीचं सांगता येईना. सांगितलं असतं तरी ते कुणाला खरं वाटलं असतं? क्षणभर तिलाच शंका आली. हे आपण कधीतरी वाचलं होतं का? काकांनी स्वतःचं आधी लावलं असतं, तर आपण तोंड उघडलं असतं का?

मशीनने काही ठरवलं नाही, तेव्हा आता मीच ठरवतो, उद्या कळवीन, असं साहेब म्हणाले. म्हणताना त्यांनी दोघांकडेही पाहिलं नाही.

संध्याकाळी ती लिफ्टपाशी आली तेव्हा काका तिथे उभे होते. दार उघडलं. आत कुणी नव्हतं. काकांनी बाजूला होऊन वाट दिली.

"आधी तुम्ही."

"नको, काका. आज तुम्ही व्हा पुढे."

काका हलले नाहीत. तीही हलली नाही. दार मिटलं आणि रिकामी लिफ्ट खाली निघून गेली.