गौरीची हळद

ऐरोली पुलाच्या अलीकडे तापमानाचा काटा पुन्हा लालात गेला आणि नंदकुमारने गाडी कडेला घेतली. अजून मुलुंडसुद्धा सुटलं नव्हतं. बोनेट उघडलं तर वाफेचा लोट तोंडावर आला.

पुढच्या सीटवर त्याची बायको जयंती बसली होती. पाठीला उशी, गुडघ्यांवरून पायांपर्यंत शाल, पायांत पांढरे मोजे. डॉक्टर म्हणाले होते, माहेरी न्यायचं तर याच आठवड्यात न्या, पुढचं सांगता येत नाही. परवा चतुर्थी. कोकणात माखजनला तिच्या भावाकडे गणपती, मागोमाग गौरी. तिला एवढंच पाहिजे होतं.

गाडी जुनी होती, श्रुतिका शाळेत असताना घेतलेली. वाफ ओसरल्यावर नंदकुमारने सगळे पाइप दाबून पाहिले, क्लिपा पिळल्या, पंपाखाली बोट फिरवलं. खाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं. त्यावर एक थेंब पडेना.

"पाणी तर संपलंय. मग जातंय कुठे?" तो स्वतःशीच म्हणाला.

गॅरेजवाला भीमराज फोन उचलत नव्हता. तोही गावाला गेला असणार. सगळं मुलुंडच गावाला निघालं होतं. टपावर मखरं बांधलेल्या गाड्या शेजारून जात होत्या. उघड्या बोनेटकडे प्रत्येक जण बघत होता, थांबत कोणी नव्हतं. भाड्याची गाडी तर आता देवानेही मागितली असती तरी मिळाली नसती.

"बाबा, ॲम्ब्युलन्स बोलावते," श्रुतिका मागच्या सीटवरून उतरत म्हणाली. "आईला झोपून जाता येईल."

"मी आडवी जाणार नाही," जयंती म्हणाली. आवाज बारीक होता, पण ऐकू गेला. "आमच्या वाडीत ॲम्ब्युलन्स कुणाला घेऊन येते, माहितीय ना तुला? मी बसून जाणार. दारात माझ्या पायांनी उतरणार."

श्रुतिकाने फोन खाली केला.

"जयू, हळद कुठेय गं?" नंदकुमारने विचारलं.

हळद जयंतीच्या मांडीवरच्या पिशवीत होती, गौरीसाठी घेतलेली. जुने टॅक्सीवाले ती रेडिएटरमध्ये टाकायचे. पाण्याबरोबर फिरत फिरत ती बारीक भोकात जाऊन बसते आणि गळती थांबते, असं ते सांगायचे.

"बाबा, इंजिन आहे ते, भाजी नाहीये."

जयंतीने पुडी पुढे केली. "घाला. गौरीला मी सांगेन काय सांगायचं ते."

इंजिन निवल्यावर त्याने हळद ओतली, वर पाणी भरलं आणि गाडी चालू करून बोनेटपाशी कान लावून उभा राहिला.

"अहो, माझे पाय ओले होतायत," जयंती म्हणाली. "ऊन ऊन लागतंय."

"आई, ते केमोमुळे. डॉक्टर बोलले ना, पायांना भलतंसलतं जाणवतं."

"मला कळतं गं ओलं आणि कोरडं."

"थांब ना जरा, जयू," नंदकुमार म्हणाला. त्याचं सगळं लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे होतं.

काटा मध्यावर आला, जरा रेंगाळला, आणि परत चढायला लागला. खालचं वर्तमानपत्र तसंच कोरडं. नंदकुमारने गाडी बंद केली, हातातला पाना फुटपाथवर फेकला आणि तिथेच बसला. त्याला रडू आलं. भर रस्त्यात, मुलीसमोर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर तो हमसून हमसून रडला. जन्मभर या बाईने काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं तेव्हा आपल्याला एक भोक सापडू नये.

"बोलाव," तो श्रुतिकाला म्हणाला.

ॲम्ब्युलन्स आली. आतल्या दोघांनी मागून स्ट्रेचर ओढलं. जयंती भांडली नाही. तिने तोंड दुसरीकडे फिरवलं, आणि ते नंदकुमारला जास्त लागलं.

त्याने तिच्या बाजूचं दार उघडलं, तिला चपला घालायला खाली बसला आणि शाल बाजूला केली.

मोजे घोट्यापर्यंत पिवळेधमक झाले होते. त्याने रबरी मॅट उचलली. खाली हळदीचं पाणी साचलं होतं.

"मघापासून सांगतेय," जयंती म्हणाली.

हीटर! मुंबईत गाडीचा हीटर कोण लावतं? तो आहे हेच माणूस विसरून जातं. पण इंजिनाचं पाणी त्याच्यातून फिरतच असतं, आणि तो असतो डॅशबोर्डच्या आत, बरोबर तिच्या पायांच्या वर. सगळं पाणी गाडीतच गळत होतं.

"पेशंटला घ्यायचं ना?" स्ट्रेचरवाल्याने विचारलं.

"थांबा," नंदकुमार म्हणाला. पाना शोधायला तो फुटपाथवर अक्षरशः रांगला. हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या त्याने सोडवल्या, त्यातलीच एक वळवून तिची दोन्ही टोकं इंजिनालाच जोडली आणि हीटर वगळून टाकला. क्लिप आवळताना बोटं भाजली, ते त्याला नंतर कळलं. पाणी भरलं, किल्ली फिरवली.

काटा मध्यावर आला. तिघंही त्याच्याकडे बघत राहिली. तो तिथेच थांबला.

रिकामी ॲम्ब्युलन्स परत गेली. श्रुतिकाने आईचे मोजे काढले. तळवेसुद्धा पिवळे झाले होते. ती नॅपकिन भिजवून पुसायला लागली, तसे जयंतीने पाय मागे घेतले.

"राहू दे गं," ती म्हणाली. "मला नेताना लावायचीच आहे तुम्हाला. तेव्हा मला दिसणार नाही."